बाबांचा बँड मी चालवू का?

या वेळचं पत्र सातारा जिल्ह्यातून आलं आहे. मूळ पत्र लांब होतं, थोडं कापून देते.

*ताई, माझं वय २४. आमची लग्नाची बँड पार्टी आहे, आजोबांनी काढलेली. त्याआधी पणजोबा सनई वाजवायचे. मी नववीत असताना बाबांनी हातात जुना ट्रंपेट दिला. कॉलेजात एन.सी.सी.च्या बँडमध्ये होते, बी.कॉम. झालं. गेल्या उन्हाळ्यात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं. धाकट्या भावाला डीजे घ्यायचाय, ट्रंपेटकडे तो ढुंकूनही बघत नाही. पार्टीत १४ माणसं आहेत. बाबांचे चुलतभाऊ क्लॅरोनेट वाजवतात. ते म्हणतात, बाईचा दम पुरत नाही, आणि बाईच्या मागून वाजवत गेलो तर लोक हसतील. आई म्हणते, वरातीत वाजवणाऱ्या पोरीला स्थळ कोण आणणार. मैत्रीण म्हणते, पोलीस बँडची भरती दे आणि सुट. खरं सांगायचं तर मला पुढे उभं राहून सगळा बँड वाजवून घ्यायचाय. कंडक्टर व्हायचंय असं घरात म्हटलं तर भाऊ विचारतो, 'कुठल्या डेपोला?' काय करू? आणि दुकानाच्या बोर्डावर बाबांचं नाव आहे, ते तसंच ठेवू का?*
*— एक ट्रंपेटवाली*

प्रिय ट्रंपेटवाली,

चालव. मला विचारशील तर उत्तर एवढंच आहे. पण तू विचारलंयस त्यात चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत, आणि प्रत्येकाला एकच 'हो' लागू पडत नाही.

काकांच्या दमापासून सुरुवात करू. १९८० साली जर्मनीतल्या म्युनिक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाला मुख्य ट्रॉम्बोनवादक हवा होता (ट्रॉम्बोन म्हणजे सरकत्या नळीचं पितळी वाद्य). ॲबी कोनंट नावाच्या अमेरिकन मुलीने अर्ज केला. तिला आलेल्या बोलावण्यावर 'हेर', म्हणजे आपलं 'श्रीयुत', असं लिहिलेलं होतं. उमेदवारांतला एक जण वाद्यवृंदातल्या कुणाच्या तरी ओळखीचा निघाला, म्हणून त्या फेरीला पडदा लावला आणि सगळ्यांना पडद्याआडून वाजवायला सांगितलं. ३३ उमेदवारांत ॲबीचा नंबर १६ वा. तिचं वाजवून झालं आणि ऐकणाऱ्यांनी ठरवूनच टाकलं, उरलेल्यांना ऐकलंही नाही. मग पडद्यामागून बाई बाहेर आली.

नोकरी मिळाली, कारण निवड झालेलीच होती. पण तिथले प्रमुख कंडक्टर सेर्जिऊ चेलिबिदाके यांना पहिल्या ट्रॉम्बोनला पुरुषच हवा होता. १९८२ मध्ये तिला खाली उतरवून दुसऱ्या ट्रॉम्बोनवर बसवलं. ती कोर्टात गेली. ताकद कमी पडते असा आक्षेप आला, तेव्हा तिने फुप्फुसांच्या दवाखान्यात जाऊन रीतसर तपासण्या करून घेतल्या. त्यात काहीही कमी निघालं नाही. तरी जागा, पगार, श्रेणी असं सगळं मिटेपर्यंत १९९३ साल उजाडलं.

ही गोष्ट मी तुझ्यासाठी सांगितली, काकांसाठी नाही. त्यांना ऐकवायला जाऊ नकोस. दम मोजल्याचा दवाखान्याचा कागद म्युनिकमध्ये चालला नाही, तो तुमच्या गावात काय चालणार. तुला मात्र स्वतःच्या मनात शंका नको म्हणून आणखी थोडं. ट्रंपेटची नळी सरळ केली तर जवळजवळ पाच फूट भरते. या वाद्याला हवा फार लागत नाही, दाब लागतो, आणि तो दाब ओठांच्या पकडीतून आणि पोटाच्या आधारातून येतो. खूप हवा खाणारं वाद्य म्हणजे ट्यूबा. तर अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या मुख्य ट्यूबावादकाच्या जागेवर २००६ साली कॅरल जँच ही मुलगी निवडून आली, तेव्हा तिचं कॉलेजही संपलेलं नव्हतं. बर्लिन फिलहार्मोनिकच्या पितळी वाद्यांच्या रांगेत २००१ मध्ये पहिली बाई आली, हॉर्न वाजवणारी सारा विलिस. दमाचा विषय मी इथे बंद करते.

काकांचा खरा विषय वेगळा असावा असं मला वाटतं. बाबा थांबले म्हणजे आता मास्तर आपण, असं त्यांनी मनात धरलं असणार, आणि त्यात गैर काही नाही. किती तरी वर्षं ते बाबांच्या उजव्या हाताला चालले आहेत. कुठल्या गावात कुठल्या गल्लीपाशी वरात अडते, कुठला पाटील सुपारी ठरवताना घासाघीस करतो आणि शेवटी देताना मोकळ्या हाताने देतो, हे त्यांना पाठ असेल. तू बी.कॉम. आणि वयाने २४. त्यांच्या जागी तू असतीस तर तूही काहीतरी कारण शोधलं असतंस. 'बाई' हे कारण हाताशी होतं, ते त्यांनी वापरलं.

म्हणून मास्तरकी दोघांत वाटून घे. रस्त्यावर, वरातीत, पहिल्या रांगेत पुढे काका चालू देत. गाणं कुठलं संपवायचं, कुठलं उचलायचं, ही खूण त्यांच्या क्लॅरोनेटने होऊ दे. निदान या सिझनला. तालीम मात्र तुझी, आणि सुपारीची वहीही तुझी. या दोन गोष्टी हातात आल्या की पुढे कोण चालतंय याला फार अर्थ उरत नाही, आणि एखाद्या वर्षाने काकाच म्हणतील, 'पोरी, गुडघे दुखतात, तू हो पुढं.'

वहीबद्दल सविस्तर लिहिते, कारण बँड फुटतात ते सुरांवरून क्वचित, पैशांवरून नेहमी. विसार किती आला, बाकी कधी येणार, गाडीचं भाडं, ड्रेसची धुलाई, आणि १४ माणसांची हजेरी कुणाची किती, हे सगळं बाबांच्या डोक्यात असेल आणि थोडंफार वहीत. तू बी.कॉम. आहेस, हे तुझ्या हाताचं काम. वाजवणारा माणूस वरात संपल्यावर दोन गोष्टी बघतो: जेवण मिळालं का, आणि पैसे आज मिळणार की 'परवा ये'. पैसे त्याच रात्री द्यायचे, सगळ्यांसमोर वही उघडून, आणि स्वतःची हजेरी सगळ्यात शेवटी उचलायची. गिऱ्हाइकाने बाकी बुडवली तरी माणसांची बुडवायची नाही. म्हणून विसार एवढा घे की त्यात निदान हजेरी निघेल. दोन महिने असं झालं की बाईच्या मागून चालायला लाज वाटते म्हणणारा माणूस पार्टी सोडून दुसरीकडे जाणार नाही. सिझन संपल्यावर यातले बरेच जण रंगकामाला, गाडीवर, उसाच्या टोळीत जात असतील. त्यांना पावसाळ्यात थोडी उचल लागते. तीही वहीत लिहून दे, तोंडी नको.

आता तुझ्या कंडक्टरकीकडे येते, माझ्या मते पत्राचं मूळ तिथेच आहे.

पुढे उभं राहून हात हलवणं हा त्या कामाचा दिसणारा भाग झाला. बाकी सगळं काम आधी, कागदावर आणि तालमीत होतं. आपल्याकडचे बँड बहुतेक कानावर चालतात: गाणं ऐकलं, ट्रंपेट आणि क्लॅरोनेटने चाल उचलली, बाकीच्यांनी ठेका धरला. दहा माणसं एकच चाल वाजवतात आणि आवाज मोठा होतो, पण भरत नाही. तू एन.सी.सी.त होतीस म्हणजे पाश्चात्त्य नोटेशन थोडंफार वाचता येत असेल. ते पक्कं कर. एकच गाणं घे, सगळ्यांना येणारं, आणि त्याचे चार भाग लिही: वर चाल, खाली तिला धरून दुसरा आवाज, युफोनियमला, म्हणजे त्या मधल्या आवाजाच्या पितळी वाद्याला, मधली भरणी आणि तळाला बेस. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांचा भाग गाऊन शिकव. सरगमने शिकव, ती त्यांना येते.

इथे एक ठिकाण आहे जिथे सगळ्या घरगुती बँडांची गाडी अडते, आणि ते तुला सोडवता आलं तर काकाही तुला मास्तर म्हणतील. ट्रंपेट आणि क्लॅरोनेट ही काळी पाचची वाद्यं, म्हणजे त्यांचा 'सा' पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर येतो. एकही पिस्टन न दाबता तू जो आपला 'सा' वाजवतेस तो कॅसिओवर काळी पाच असतो. आल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा. गाडीवर माईक घेऊन बसलेला गायक म्हणतो, माझी काळी एक. तेव्हा तुला आणि काकांना स्वतःच्या बोटांच्या हिशेबात तीन अर्धस्वर वर जावं लागतं, आल्टोवाल्याला एक पूर्ण स्वर खाली. हे ज्याला त्याला रस्त्यावर अंदाजाने शोधायला लावलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात जो गोंधळ होतो, तो तू लहानपणापासून ऐकत आली असशील. प्रत्येक गाण्यासाठी प्रत्येक वाद्याची पट्टी आधीच लिहून ठेव, मोठ्या अक्षरात, प्लॅस्टिकच्या पाकिटात, वाद्याला चिमट्याने लावता येईल अशी.

आणि मे महिन्यातलं ऊन लक्षात ठेव. पितळी वाद्याच्या आतली हवा तापली की सूर चढतो, कॅसिओचा चढत नाही. दुपारच्या वरातीत अर्ध्या तासाने बँड आणि गायक एकमेकांपासून सरकलेले वाटतात ते त्यामुळे. मधल्या चहाच्या वेळी सगळ्यांना ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, थोडी बाहेर ओढायला लावणं, हे मास्तरचं काम. ते करायला छडी लागत नाही, नुसता कान लागतो.

तालमीचे दिवस तुला पंचांगच देतं. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं जवळजवळ नाहीत. गणपती आणि नवरात्र सोडले तर तो सगळा काळ तुझा. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड दीड तास. पहिल्या तालमींना अर्धे लोक येणार नाहीत. जे येतील त्यांच्यासोबत कर, आणि त्यांना चहाबरोबर थोडे पैसेही दे. तालमीला मोबदला असतो हे त्यांनी कधी ऐकलेलं नसेल, त्यामुळे बातमी लवकर पसरेल.

स्वतःच्या शिक्षणासाठी ट्रिनिटी कॉलेज लंडन किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा संस्थांच्या ट्रंपेटच्या ग्रेड परीक्षा आहेत, आठव्या ग्रेडपर्यंत. सर्टिफिकेट वरातीत कुणी मागणार नाही, पण त्यांचा अभ्यासक्रम हातात असला की रोज काय वाजवायचं याला शिस्त येते. शिक्षक जवळपास मिळाला नाही तर पोलिसांच्या किंवा लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेला कुणी माणूस शोध. सातारा हा फौजींचा जिल्हा आहे. शोधलंस तर सापडेल, आणि अशा माणसांना आपल्याला कुणी विचारत नाही याचं दुःख असतं. नवा ट्रंपेट घेण्याची घाई करू नकोस. मेरठच्या जली कोठी या वाद्यं बनवणाऱ्या भागातून येणारी वाद्यं आपले निम्मे बँड वाजवतात आणि त्यावर काम चालतं. आधी एक चांगला माउथपीस घे.

ओठांना सांभाळ. सिझनला दिवसाला दोन सुपाऱ्या लागल्या की दुसऱ्या वरातीत ओठ थकतात आणि माणूस माउथपीस दाबून सूर काढायला लागतो. तिथून दुखणं सुरू होतं. चालता चालता वाजवताना खड्ड्यात पाय गेला तर दातांवरही आपटतो. म्हणून दुसरा ट्रंपेट हवाच, आळीपाळीने वाजवायला. तो दुसरा ट्रंपेट मुलगी असावी असं मी सुचवेन, याचं कारण पुढे.

तुझ्यासारख्याच घरातली एक बाई मला आठवते. ग्रेसी कोल, जन्म १९२४, इंग्लंडच्या उत्तरेकडची. तिकडचे ब्रास बँड खाणी आणि गिरण्यांभोवती वाढले. संध्याकाळी खाणीतून वर आलेले लोक हातपाय धुऊन कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचं आखूड भावंड, घेऊन बसायचे. ग्रेसीचे वडील खाणकामगार आणि बँडवालेच, कॉर्नेट तिच्या हाती त्यांच्याचमुळे आला. पुढे ती फर्बेक कोलियरीच्या, म्हणजे तिथल्या कोळसा खाणीच्या, बँडमध्ये वाजवायला लागली. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि बायकांना वाजवायला जागा झाल्या, तशी तीही पुढे आली. १९४५ मध्ये आयव्ही बेन्सन यांच्या फक्त बायकांच्या बँडमध्ये तिने ट्रंपेट धरला. युद्ध संपलं, पुरुष परतले, जागा पुन्हा आखडल्या. १९५२ मध्ये तिने स्वतःचा बायकांचा बँड काढला. उत्तम वाजवणारी होती, तरी कुणाच्या तरी बँडमध्ये पहिली खुर्ची मिळायची वाट बघत बसणं तिने नाकारलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिला बँड उभा करावा लागला. तुझ्याकडे तो आयता आहे, माणसांसकट, गाडीसकट, गिऱ्हाइकांसकट. जगात किती कंडक्टरांना पंचविशीच्या आत १४ माणसांचा स्वतःचा बँड मिळतो?

आता आई. तिच्या काळजीत दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करायला हव्यात.

एक, सुरक्षितता. ती काळजी खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. वरातीत पिऊन नाचणारे असतात, नोटा ओवाळताना अंगाशी येणारे असतात. सुपारी घेतानाच गिऱ्हाइकाला स्पष्ट सांग, शक्यतो लिहून: नाचणाऱ्यांत आणि बँडमध्ये एवढं अंतर राहील, घरातला एक जबाबदार माणूस सोबत चालेल, बँडच्या माणसाला हात लागला तर वाजवणं थांबेल आणि बाकी पूर्ण द्यावी लागेल. हा नियम सगळ्यांसाठी ठेव, फक्त तुझ्यासाठी नको. ताशावाल्या पोरालाही लोक ढोसतात. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहेच, ती सुपारीच्या कागदावर छापून टाक. उशिरापर्यंत चालणारी वरात तुझ्या डोक्यावरून आपोआप उतरेल. आणि एन.सी.सी.तली एखादी मैत्रीण सोबत घे, दुसरी ट्रंपेट म्हणून किंवा साइड ड्रमला. एकटी मुलगी लोकांना तमाशा वाटते. दोन असल्या की तो बँड वाटतो.

दुसरी गोष्ट स्थळांची. पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत डोक्याला फेटा आणि कमरेला ढोल बांधून शेकडो मुली तासन् तास वाजवतात. त्यांचे फोटो पेपरात येतात, आईवडील ते फोटो नातेवाइकांना पाठवतात आणि स्थळं व्यवस्थित येतात. त्या मुलींच्या वाजवण्याला कुणी नावं ठेवत नाही. मग तुझ्याच वाजवण्याला का? कारण त्या हौसेने वाजवतात आणि तू पैसे घेऊन. आपल्याकडे वाजवणं कधी कमी दर्जाचं नव्हतं, पोटासाठी वाजवणारा माणूस कमी दर्जाचा ठरवला गेला. वाजंत्र्यांची पंगत शेवटी, अंगणाच्या कडेला, हे तुझ्या पणजोबांनी सनईवर सहन केलं असणार, आणि तुझ्या आईने सून म्हणून येऊन ते पाहिलं असणार. 'वरातीत वाजवणारी पोरगी' म्हणताना तिच्या मनात 'पोरगी' जितकं खुपतं तितकंच 'वरातीत वाजवणारी' खुपत असेल, असा माझा अंदाज आहे. तिला बोलतं कर. 'आई, मी मुलगा असते तर तू मला हा धंदा करू दिला असतास का?' एवढं विचारून बघ. उत्तर 'नाही' आलं तर तुम्हा दोघींचं बोलणं खऱ्या अर्थाने सुरू होईल.

स्थळांना काय सांगायचं? जे आहे ते, पहिल्याच भेटीत. मुलगी बँड चालवते, सिझनला महिन्यातले अमुक दिवस बाहेर असते, कमाई इतकी, वही बघायची तर बघा. लग्नानंतर बंद करेन असं चुकूनही मान्य करू नकोस, 'बघू नंतर' असंही नाही. यामुळे काही स्थळं जातील. ती जाऊ देत.

पालखीपुढे किंवा नवरात्रात देवीच्या मिरवणुकीत वाजवताना कुणीतरी कुजबुजेल, 'हिची पाळी वगैरे...' त्याला उत्तर द्यायची गरज नाही. ट्रंपेट तोंडाला लावलेला माणूस तसाही बोलू शकत नाही.

राहिली मैत्रिणीची सूचना. महाराष्ट्र पोलीस भरतीत बॅण्डस्मनची पदं वेगळी निघतात, त्यांना दहावीही चालते. खुल्या गटाला वयाची मर्यादा २८ आहे, आरक्षित गटांना सवलत असते, आणि शासकीय नोकरीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. मैदानी चाचणीत ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. म्हणजे फुंकण्याबरोबर पळायलाही लागेल. पदं थोडी असतात आणि दर वेळी सगळ्या जिल्ह्यांत नसतात, त्यामुळे जाहिरात नीट वाचून अर्ज कर. हवाई दल आणि नौदल अग्निवीर म्हणून मुलींनाही वादक घेतात, पण तिथे २१ च्या आसपास वय संपतं, ते दार तुझ्यासाठी मिटलं. गणवेशातल्या बायकांच्या बँडचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्ली पोलिसांचं पूर्ण महिला बँड पथक कर्तव्यपथावर वाजवत गेलं.

अर्ज भर. मी नको म्हणणार नाही. पगार बांधलेला, शिकायला मिळतं, नोटेशन पक्कं होतं, आणि घरातली अर्धी भांडणं नेमणुकीच्या पत्राने मिटतात. पण 'सुट' या मैत्रिणीच्या शब्दाशी माझं जमत नाही. सरकारी नोकरीत असताना खासगी बँड चालवता येणार नाही, म्हणजे निवड झाली तर बाबांची पार्टी काकांकडे किंवा डीजेकडे जाणार, हे समजून भर. आणि तिथे पुढे उभं राहायला रांग असते. सेवाज्येष्ठता, कोर्स, परीक्षा असं करत बँडमास्तर होईपर्यंत वर्षं जातात. तुला वाजवायचं असेल तर ती उत्तम जागा आहे. वाजवून घ्यायचं असेल, आणि तू तसंच लिहिलंयस, तर तुझ्या अंगणात १४ माणसं आत्ता बसलेली आहेत. मी तुझ्या जागी असते तर अर्ज भरला असता, सकाळी पळायला गेले असते, आणि निकाल लागेपर्यंत बँडचा एक सिझन पूर्ण स्वतःच्या हाताने केला असता. निकाल हातात आला की त्या दोन्हींतलं काय सोडवत नाही हे तुला कळेल, तोवर नाही.

भावाशी भांडू नकोस. त्याला गाडीवरचा आवाज, माईक, ॲम्प्लिफायर आवडत असेल तर तेच खातं त्याच्याकडे दे. तुमच्या गायकाचा आवाज बँडच्या वर जातो की खाली, हे बघणारं कुणीतरी लागतंच. त्याच्या डीजेसाठी मात्र बँडच्या वहीतून कर्ज काढू नकोस. आणि डीजे नको म्हणणारी लग्नं हल्ली थोडी थोडी दिसतात. त्यांच्यासाठी सात माणसांचा छोटा संच बसव: गाडी नाही, ॲम्प्लिफायर नाही, हॉलच्या दारात पाहुण्यांचं स्वागत, अक्षता पडल्यावर पाच मिनिटं, जेवणाच्या वेळी मंद काहीतरी. तिथे तू पुढे उभी राहून हाताने वाजवून घेऊ शकतेस. कंडक्टर म्हणून तुझी सुरुवात मला तिथे दिसते, वरातीत नाही. या संचात काकांना एक आख्खं गाणं एकट्याला दे. क्लॅरोनेटवाल्याला रस्त्यावर स्वतःचा आवाज कधी ऐकू येत नाही.

बाबांना तालमीला बसवत जा. डॉक्टरांनी फुंकायला मना केलंय, पण ताल चुकला तर त्यांच्याइतकं लवकर कुणालाच कळणार नाही. फक्त त्यांनी मध्येच उठून माणसांना सूचना द्यायच्या नाहीत, जे सांगायचं ते तालीम झाल्यावर तुला सांगायचं. हे आधी ठरवून घे, नाहीतर १४ माणसं तुझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत राहतील.

बोर्डाचं विचारलंयस. नाव तसंच ठेव. आजूबाजूच्या गावांतले लोक त्या नावाने सुपारी द्यायला येतात, ते बदलून तुला काही मिळणार नाही. फक्त खाली फोन नंबर बाबांचा असेल तो पुसून तुझा टाक, आणि तो वाजला की तूच उचल.

— तुझी ताई